घरच्या संगणकावर हाय-रेझोल्यूशन संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आधीपासून असलेल्या संगणकावर नीट संगीत ऐकू इच्छिणाऱ्यांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे मुख्यतः हिंदुस्थानी रागसंगीताची आहेत. या संगीतात तानपुरा अखंड वाजत असतो, आवाजाची पातळी सावकाश चढते आणि एकेक ध्वनिमुद्रण तासभर चालते. त्यामुळे व्यवस्थेतले दोष इथे फार लवकर उघडे पडतात.

हाय-रेझोल्यूशन संगीत म्हणजे नेमके काय?

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे साठवलेली असतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे असते. या मोजमापांना सॅम्पल आणि त्यांच्या वेगाला सॅम्पल रेट म्हणतात. सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला सामान्यतः हाय-रेझोल्यूशन म्हटले जाते. जपान ऑडिओ सोसायटीच्या सोनेरी-काळ्या चिन्हासाठी किमान २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ ही अट आहे. व्यवहारात २४ बिट आणि ४८, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या फाइल्स सर्वाधिक आढळतात.

सॅम्पल रेटवरून किती उंच वारंवारतेपर्यंतचा ध्वनी साठवता येईल हे ठरते आणि ती मर्यादा सॅम्पल रेटच्या निम्म्यावर असते. म्हणजे सीडीवर सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. निरोगी तरुण कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ असते आणि वयानुसार ती खाली येत जाते. बिटांची संख्या मात्र वेगळी गोष्ट ठरवते: सर्वांत मोठा आवाज आणि तळाशी असलेली सूक्ष्म खरखर यांच्यातले अंतर. १६ बिटांत हे अंतर सुमारे ९६ डेसिबल असते. २४ बिटांत ते कागदावर १४४ डेसिबल असते, पण प्रत्यक्षात उत्तम उपकरणेही १२० डेसिबलच्या आसपास थांबतात.

मग आकडा जितका मोठा, तितके संगीत चांगले ऐकू येते का?

नाही. या विषयावर गंभीरपणे काम झालेले आहे आणि त्याचे निष्कर्ष विक्रेत्यांच्या दाव्यांपेक्षा पुष्कळच सौम्य आहेत. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाच्या ध्वनीच्या मार्गात सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून श्रोत्यांची परीक्षा घेतली. नेहमीच्या पातळीवर ऐकताना श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांमधील १२ हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. अचूक ओळखण्याचे सरासरी प्रमाण त्यांना ५२.३ टक्के आढळले. नुसत्या अंदाजाने ५० टक्के उत्तरे बरोबर येतात हे लक्षात घेतले, तर फरक आहे पण तो फार बारीक आहे. प्रशिक्षण मिळालेल्या श्रोत्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते.

२४ बिटांचा खरा लाभ ध्वनिमुद्रण करणाऱ्याला होतो. मैफल मुद्रित करताना गायक मंद्रातून तारसप्तकात केव्हा झेप घेईल हे सांगता येत नाही, म्हणून मुद्रणाची पातळी मुद्दाम बरीच खाली ठेवावी लागते. २४ बिटांत अशी जागा मोकळी सोडूनही तानपुऱ्याची जवारी तळच्या खरखरीत बुडत नाही. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने बोलायचे, तर हाय-रेझोल्यूशन आवृत्तीसाठी अनेकदा मूळ मुद्रणावर वेगळे आणि अधिक संयमाने मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनापूर्वीचे अंतिम ध्वनिसंस्करण, केलेले असते. तिथे जो फरक ऐकू येतो तो बहुधा या मास्टरिंगचा असतो. तो अगदी खरा असतो आणि पैसे मोजण्याजोगाही असतो, पण त्याचे श्रेय १९२ या आकड्याला देऊ नये.

आमचे मत असे, की संगणकाकडून एकच अपेक्षा ठेवावी: फाइलमधले आकडे वाटेत न बदलता, मूळ सॅम्पल रेटवर, पुढच्या उपकरणाच्या हाती द्यावेत. खालची बहुतेक उत्तरे या एका कामासाठीच आहेत.

त्यासाठी नवा, वेगवान संगणक घ्यावा लागेल का?

लागणार नाही. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या संगीताला न दाबता सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट इतकाच प्रवाह लागतो, तर यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. दहा वर्षांपूर्वीचा चालू स्थितीतला लॅपटॉप हे काम सहज करतो. वेगापेक्षा त्याच्या पंख्याचा आवाज अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून ज्याचा पंखा सतत घरघरत नाही असा संगणक निवडावा.

लॅपटॉपचा हेडफोन सॉकेट पुरेसा आहे, की बाहेरचा डॅक हवाच?

आकड्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. तो प्रत्येक लॅपटॉपमध्ये असतोच आणि आजकाल कागदोपत्री तो बहुधा २४ बिट व १९२ किलोहर्ट्झ स्वीकारतो. अडचण वेगळी असते: हा भाग प्रोसेसर, मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या अगदी शेजारी बसलेला असल्यामुळे त्यांचा विद्युत गोंगाट त्याच्यात शिरतो. शिवाय जड हेडफोन हलवण्याइतकी ताकद त्याच्यात असतेच असे नाही.

याची परीक्षा घरीच करता येते. हेडफोन लावावेत, संगीत बंद ठेवून आवाज नेहमीच्या पातळीवर न्यावा आणि खोली शांत असताना माउस फिरवावा किंवा एखादे लांब पान वरखाली सरकवावे. माउसच्या हालचालीबरोबर बारीक चिवचिव किंवा किरकिर ऐकू आली, तर बाहेरचा डॅक घेण्यात अर्थ आहे. काहीच ऐकू आले नाही आणि हेडफोन पुरेसे वाजत असतील, तर तूर्त काही घेऊ नये. २०२१ च्या १४ व १६ इंची मॅकबुक प्रोपासून ॲपलने हेडफोन सॉकेट बराच सुधारला आहे. तो ९६ किलोहर्ट्झपर्यंत चालतो आणि जास्त रोधाचे हेडफोनही सांभाळतो.

डॅक घ्यायचा ठरला, तर तो यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबीवरून ध्वनी पाठवण्याचे प्रमाण) प्रकारचा आणि असिंक्रोनस पद्धतीने चालणारा आहे ना, हे पाहावे. असिंक्रोनस पद्धतीत सॅम्पलचा ताल संगणकाच्या घड्याळावर न चालता डॅकमधल्या घड्याळावर चालतो. आजचे बहुतेक डॅक याच पद्धतीचे असतात. सध्या कोणता सॅम्पल रेट चालू आहे हे दाखवणारा छोटा पडदा किंवा रंग बदलणारा दिवा असलेला डॅक शक्यतो निवडावा, कारण पुढची सगळी जुळवाजुळव त्यावरूनच तपासता येते.

विंडोजमध्ये नेमके काय बदलावे?

सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते इथे. विंडोजमध्ये सगळ्या ॲप्सचे आवाज एका मिक्सरमध्ये एकत्र होतात. या मिक्सरला एकच सॅम्पल रेट ठरवून दिलेला असतो, तो अनेकदा ४८ किलोहर्ट्झ असतो, आणि बाकी सर्व रेटचे संगीत त्यात बदलून घेतले जाते. एकत्रित पातळी मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून वर लिमिटरही लावलेला असतो. म्हणजे आपण ९६ किलोहर्ट्झची फाइल लावली, तरी डॅककडे ४८ चेच संगीत जाते, आणि पडद्यावर ॲप मात्र ९६ दाखवत राहते. अनेकांचा घोटाळा इथेच होतो.

यावर उपाय म्हणजे एक्सक्लुझिव्ह मोड. विंडोज व्हिस्टापासून उपलब्ध असलेल्या वासापी या व्यवस्थेत एखादे ॲप मिक्सरला वगळून डॅकचा थेट ताबा घेऊ शकते. आधी साउंड सेटिंग्जमधून ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडावे, प्लेबॅकच्या यादीत आपला डॅक निवडून प्रॉपर्टीजमध्ये जावे आणि ॲडव्हान्स्ड या पानावर ॲप्सना एक्सक्लुझिव्ह ताबा घेऊ देण्याच्या दोन्ही चौकटींवर खूण असल्याची खात्री करावी. तिथेच एन्हान्समेंट्स बंद करावीत. नंतर संगीताच्या ॲपमध्ये जावे. फूबार२००० हे मोफत ॲप या कामाला आम्हांला सर्वांत सोयीचे वाटते. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली आउटपुट या पानावर उपकरणांची यादी मिळते. त्यात आपल्या डॅकच्या नावापुढे एक्सक्लुझिव्ह असे लिहिलेली नोंद निवडावी. आता ४४.१ ची एक आणि ९६ ची एक फाइल एकापाठोपाठ लावावी. डॅकवरचा आकडा किंवा दिव्याचा रंग बदलला, म्हणजे काम झाले.

यात एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये विंडोजचा आवाजाचा पट्टा काही व्यवस्थांत निष्प्रभ होतो आणि संगीत एकदम पूर्ण पातळीवर सुरू होते. पहिल्यांदा लावताना ॲम्प्लिफायरचे बटण अगदी खाली ठेवावे आणि हेडफोन कानाला लावण्याआधी हातात धरून पाहावेत. या मोडमध्ये इतर ॲप्सचे आवाज बंद होतात, तो बिघाड समजू नये.

डॅकचा ड्रायव्हर वेगळा घालावा का, असेही विचारले जाते. विंडोज १० च्या २०१७ मधील १७०३ या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ ची सोय आतच आहे, त्यामुळे बहुतेक डॅक तसेच चालतात. उत्पादकाने आसिओ (मिक्सरला वगळून डॅकशी बोलणारा) ड्रायव्हर दिला असेल तर तोही वापरता येतो. नीट बसवलेल्या वासापीपेक्षा त्याने संगीत अधिक चांगले होते असे मात्र नाही.

मॅकवर काय करावे?

मॅकवर ड्रायव्हरची अडचण नसते. युटिलिटीज फोल्डरमधील ऑडिओ मिडी सेटअप उघडून डॅक निवडावा आणि फॉरमॅटमध्ये फाइलला जुळणारा सॅम्पल रेट ठेवावा. ॲपल म्युझिक वापरत असाल, तर त्याच्या सेटिंग्जमधील प्लेबॅक या भागात लॉसलेस (तपशील न गमावणारा दर्जा) चालू करून हाय-रेझ लॉसलेस निवडावे लागते. ही सोय २०२१ पासून वेगळे पैसे न घेता दिली जाते आणि तिची मर्यादा २४ बिट व १९२ किलोहर्ट्झ आहे. गाणे बदलल्यावर सॅम्पल रेट आपोआप बदलतो का, हे डॅकच्या दिव्यावरून तपासावे. बदलत नसेल तर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये हाताने बदलावा. स्वतःच्या फाइल्ससाठी ऑडिर्वानासारखे सशुल्क ॲप ही अदलाबदल स्वतः करते.

लिनक्स किंवा रास्पबेरी पाय वापरता येईल का?

उत्तम प्रकारे येईल. लिनक्समध्ये आल्सा या मूळ स्तरावर डॅकशी थेट बोलता येते. नव्या वितरणांमध्ये ॲप आणि आल्सा यांच्यामध्ये पाइपवायर हा ध्वनी-मिक्सर असतो आणि तो सामान्यतः ४८ किलोहर्ट्झवर चालतो. त्याच्या मांडणीत परवानगी असलेल्या रेटची यादी वाढवली, की तो फाइलप्रमाणे रेट बदलू लागतो. ज्यांना केवळ संगीतासाठी वेगळे यंत्र हवे आहे, त्यांनी रास्पबेरी पायवर मूड ऑडिओ किंवा व्हॉल्युमिओ घालावे. पंखा नसलेले, तळहाताएवढे आणि फोनवरून चालवता येणारे हे यंत्र बैठकीच्या खोलीत मोठ्या संगणकापेक्षा कितीतरी सोयीचे पडते.

फाइल्स कोणत्या प्रकारात ठेवाव्यात?

फ्लॅकमध्ये. २००१ पासून उपलब्ध असलेला हा मुक्त प्रकार मूळ आकडे जसेच्या तसे ठेवून जागा वाचवतो. तासाभराचा एक राग सीडीच्या दर्जात न दाबता सुमारे ६३५ मेगाबाइट होतो आणि २४ बिट व ९६ किलोहर्ट्झला दोन गिगाबाइटच्या थोडा वर जातो. फ्लॅकमध्ये तो बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो. फ्लॅक फाइलमध्ये मूळ ध्वनीची तपासणी-खूणही साठवलेली असते, त्यामुळे हार्डडिस्कवर एखादी फाइल बिघडली तर ते पुढे केव्हाही पडताळता येते. केवळ याच कारणासाठीसुद्धा आम्ही न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही फाइलऐवजी फ्लॅक सुचवतो. ॲपलचा अलॅक गुणवत्तेत समान आहे. एमपी३ मधून फ्लॅक करू नये; गेलेला तपशील परत येत नाही, फाइल फक्त फुगते.

सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ साली आणलेल्या सुपर ऑडिओ सीडीमधला डीएसडी हा एक बिटाचा, सेकंदाला २८ लाखांहून अधिक सॅम्पलचा प्रकार आहे. तुमच्याकडे अशा फाइल्स असतील आणि डॅकला तो प्रकार कळत असेल, तर जरूर वाजवाव्यात. पण त्यासाठी मुद्दाम वेगळा डॅक शोधावा असे त्यात काही नाही.

विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये क्षणभर शांतता येते. ती कशी घालवावी?

सीडीवर एकच राग अनेकदा तीन-चार भागांत तोडलेला असतो, आणि विलंबित ख्याल संपून द्रुत बंदिश सुरू होताना तानपुरा व तबला थांबलेले नसतात. तिथे अर्धा सेकंद जरी रिकामा गेला, तरी समेवर येणारा कान दचकतो. फ्लॅकमध्ये भाग अखंड जोडून वाजवण्याची सोय मुळातच आहे, फक्त ॲपने ती पाळली पाहिजे. फूबार२००० ती पाळते. काही फोन-ॲप्समध्ये गॅपलेस हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, आणि क्रॉसफेड (एक भाग विरत असताना दुसरा त्यात मिसळणे) चालू असेल तर तो कटाक्षाने बंद करावा.

संगीत मिळवावे कुठून?

आधी घरातल्या सीडींकडे वळावे. चांगल्या मास्टरिंगची जुनी सीडी संशयास्पद हाय-रेझ फाइलपेक्षा नेहमीच बरी. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅकवर एक्सएलडी या ॲप्सनी सीडी उतरवावी. ॲक्युरेटरिप या सामाईक नोंदींशी ताडून आपली प्रत निर्दोष आहे का, हे ती सांगतात. बँडकॅम्पवर विकत घेतलेले संगीत फ्लॅकमध्ये उतरवून घेता येते.

घरातल्या कॅसेट आणि खासगी बैठकींच्या ध्वनिफिती उतरवायच्या असतील, तर २४ बिट व ४८ किलोहर्ट्झ पुरेसे होते, कारण कॅसेटचा स्वतःचाच आवाका ५०-६० डेसिबलच्या आसपास असतो. तिथे सॅम्पल रेटपेक्षा टेपच्या हेडचा कोन कैकपटीने महत्त्वाचा आहे. आवाज मोनो करून ऐकावे आणि हेडजवळचा बारीक स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवून तानपुरा सर्वांत स्पष्ट व धारदार वाटेल त्या जागी थांबावे. प्रत्येक कॅसेटसाठी ही जागा वेगळी असू शकते.

फाइल खरोखर हाय-रेझ आहे हे कसे ओळखावे?

स्पेक किंवा ऑडॅसिटी या मोफत ॲप्समध्ये फाइलचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती ध्वनी आहे याचे चित्र, पाहावा. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २२ किलोहर्ट्झच्या जवळ सरळ आडवी कड दिसून वर पूर्ण अंधार असेल, तर ती फाइल बहुधा सीडीच्या दर्जातून फुगवलेली आहे. कड १६ किलोहर्ट्झलाच असेल, तर मूळ स्रोत दाबलेला एमपी३ असण्याचा दाट संशय घ्यावा. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेल्या नाट्यगीतांना हा निकष लावू नये, कारण त्यांत मुळातच उंच वारंवारतेवर पृष्ठभागाच्या खरखरीखेरीज फारसे काही नसते. अशा तबकड्या २४ बिट व ९६ किलोहर्ट्झमध्ये उतरवण्याचा उपयोग टिकटिक काढून टाकणाऱ्या तंत्रज्ञाला होतो; ऐकण्याच्या प्रतीसाठी सीडीचा दर्जा भरपूर झाला.

ब्लूटूथवरून हाय-रेझ ऐकता येते का?

खऱ्या अर्थाने नाही. एलडॅक या ब्लूटूथवरच्या ध्वनिप्रकाराचा कमाल प्रवाह सेकंदाला ९९० किलोबिट आहे आणि साध्या सीडीलाच न दाबता १,४११ किलोबिट लागतात. फिरताना ऐकायला ब्लूटूथ चांगलेच आहे. बसून ऐकायला वायर लावावी.

स्पीकरमधून सतत गुणगुण येते. डॅक खराब आहे का?

बहुधा नाही. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली, तर संगणक आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमध्ये वळसा तयार झाला आहे किंवा घराचे अर्थिंगच कमकुवत आहे. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत. तेवढ्याने भागले नाही तर डॅकपर्यंत ऑप्टिकल वायर वापरावी. ही वायर वीज वाहून नेत नसल्यामुळे वळसा तुटतो. ऑप्टिकलवर ९६ किलोहर्ट्झपर्यंत भरवसा ठेवता येतो, १९२ सगळीकडे चालतेच असे नाही. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापणे किंवा दोन पिनी जोड लावणे हा उपाय कधीही करू नये, त्यात जिवाला धोका आहे. जुन्या संकुलांत राहणाऱ्यांनी वायरमनकडून अर्थिंग एकदा मोजून घ्यावे.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर गुणगुण वाढत असेल, तर तो इन्व्हर्टर शुद्ध साइन लहर देणारा नसावा. अशा वेळी लॅपटॉप बॅटरीवर ठेवून हेडफोनने ऐकावे.

मधूनच टकटक होते किंवा गाण्याचा पहिला क्षण कापला जातो.

टकटक होत असेल तर ॲपमधील बफर (पुढचे संगीत आधीच साठवणारी जागा) वाढवावा आणि डॅक यूएसबी हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडावा. सुरुवात कापली जात असेल, तर पॉवर ऑप्शन्समधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून पाहावे.

पैसे कशावर खर्च करावेत?

सर्वाधिक हेडफोनवर किंवा स्पीकरवर, त्यानंतर खोलीवर, मग डॅकवर; महागड्या यूएसबी वायरवर मुळीच नाही. वायर दर्जेदार आणि आखूड असली की पुरे. खोलीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. आपल्याकडे वरचा पंखा वर्षातले बहुतेक महिने फिरत असतो, आणि त्याच्या आवाजात आलापीतला हळुवार भाग १६ बिटांच्या तळापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी हरवतो. ऐकण्याच्या तासाला पंखा बंद करणे शक्य नसेल, तर बंद प्रकारचे हेडफोन घेणे हा २४ बिटांपेक्षा मोठा लाभ आहे. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून हात-दीड हात पुढे ओढावेत आणि उघड्या लादीवर सतरंजी अंथरावी. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा किती आवरला जातो, ते लगेच कळते.

राग, ताल आणि साथीदारांची नोंद फाइलमध्ये ठेवता येते का?

येते, आणि ती ठेवावीच. फ्लॅकमध्ये हवी ती नवी नोंद निर्माण करता येते. नोंदीचे नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, पण तिच्यातला मजकूर देवनागरीत चालतो. त्यामुळे यमन कल्याण, विलंबित एकताल, तबला आणि संवादिनीवरील कलाकार, मुद्रणाचे वर्ष हे सारे आपल्या लिपीत लिहिता येते. रागाचे शुद्धलेखन पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे, कारण एकाच रागाची नावे दोन तऱ्हांनी लिहिली गेली तर शोधताना संग्रह दुभंगतो. फूबार२००० मध्ये या नोंदींवरून संग्रह रागवार लावता येतो. हे काम वेळ खाणारे आहे, म्हणून संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरी ठेवावी, आणि नोंदी बदलल्या की तीही ताजी करावी.